शिकाऊ सुरीचं म्यान

लेम्पीला घाई फार. गावात कुणालाही विचारा. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं आमेन तोंडातून निघायच्या आत हिच्या कोटाची बटणं लागलेली असायची. डेअरीत चीज भाजायला ठेवलं की दर मिनिटाला भट्टीचं दार उघडून बघणार, आणि मग चीजला रंग येत नाही म्हणून भट्टीलाच शिव्या देणार. अशा बाईला नवरा मिळाला तो कोण, तर विल्यामी!

विल्यामी सुरीची म्यानं शिवायचा. आमच्याकडे पुरुष एक वेळ टोपीशिवाय दिसेल, कमरेच्या सुरीशिवाय दिसायचा नाही, त्यामुळे म्यानं शिवणारे गावोगाव होते. पण विल्यामीच्या म्यानात सुरीची मूठ शिरताना टक् करून बसायची, आणि मग म्यान उलटं धरून हलवलं तरी सुरी खाली पडायची नाही. हा माणूस चामडं भिजवून त्याच्याकडे बघत बसायचा. बायको अंगणातून ओरडायची, "अरे, ते पळून जाणार आहे का?" तो मान वर न करता म्हणायचा, "भिजतंय."

शिवण तपासायची त्याची पद्धत ठरलेली. डोळे मिटून अंगठा म्यानाच्या तोंडापासून खाली टोकापर्यंत फिरवायचा. शिवण मागच्या बाजूला, दोन सुयांनी घातलेली, एकाला एक लागून टाके. एखादा टाका तिरका असला की अंगठा तिथे थांबायचा. "इथे," तो म्हणायचा. "उसव." एवढंच. सगळं नीट असलं तर काहीच म्हणायचा नाही, म्यान बाजूला ठेवायचा आणि पुढचं घ्यायचा. छान, बरं, जमलं, हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात लेम्पी त्याला म्हणाली होती, "मलाही शिकव."

"तुला जमायचं नाही."

झालं! बाई जी तिथून फिरली, ती पुन्हा कारखान्याच्या आत गेली नाही. कारखाना म्हणजे अंगणापलीकडची लाकडी खोली. रोज कॉफीची किटली न्यायची, उंबऱ्यावर ठेवायची आणि ओरडायची, "ठेवलीय!" आतून उत्तर यायचं, "ठेव तिथे." सगळा जन्म गेला यात.

आणि ह्याच विल्यामीने लोहाराच्या टायमीला हाताला धरून शिकवलं. टायमी तेव्हा शाळा सोडलेली पोर. तिच्याकडून इतकं उसवून घ्यायचा की ती रोज संध्याकाळी नाक ओढत घरी जायची. त्या दोघांत तसलं काही नव्हतं, हे गावाला माहीत होतं आणि लेम्पीलाही. तरी तिच्या पोटात दुखायचं. त्या रडणाऱ्या पोरीचा तिला हेवा वाटायचा. टायमी पुढे स्वतःची म्यानं शिवायला लागली, नाव कमावलं, पण लेम्पीने रस्त्यात तिला कधी तोंडभर रामराम म्हणून केला नाही.

म्हातारपणी विल्यामीचं डोकं बिघडलं ते कसं कळलं, तर तो चांगलं शिवलेलं उसवायला लागला. आधी स्वतःच्या कोटाची बाही. मग खिडकीचे पडदे. एके सकाळी लेम्पी गोठ्यातून आली तर हा स्वयंपाकघरात बसलेला, पुढ्यात पाण्याचं घमेलं, आणि कमरेचं स्वतःचं म्यान, ऐन उमेदीत शिवलेलं, भिजवून, टाका टाका मोकळा करून टेबलावर पसरलेलं. चामड्याचा नुसता चपटा तुकडा राहिला होता.

"हे काय केलंस?"

"शिवण बघतोय," तो म्हणाला. मग त्याच्या कडा हातात घेऊन जुळवायला लागला. जुळेनात. ज्या हातांनी आंधळेपणानेही शिवलं असतं, ते हात चामडं इकडून तिकडे फिरवत राहिले. लेम्पीने ते सगळं गोळा केलं, पिशवीत भरलं आणि चुलीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

थंडी सरता सरता तो घरातून निघून गोठलेल्या नदीवर जाऊन उभा राहू लागला, तेव्हा मात्र इलाज राहिला नाही. त्याला शहरातल्या म्हाताऱ्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

तिथे त्याने जेवण सोडलं. म्हणजे रुसून नव्हे. ताटात राय धान्याची भाकरी आली की त्याचा उजवा हात कमरेवर जायचा. तिथे सुरी नाही. हात चाचपत पाठीकडे जायचा, पुढे यायचा, खुर्चीखाली जायचा. "कोणी नेली?" मग तो उठायचा आणि सुरी शोधत व्हरांड्यातून चालत सुटायचा. आपली भाकरी आपल्या सुरीने कापायची, ही आयुष्यभराची सवय; ती झाल्याशिवाय जेवण सुरूच व्हायचं नाही. नर्स पोरगी चांगली होती. त्याच्या मागे लापशीचा वाडगा घेऊन फिरायची. पण दोन घास गेले तर गेले. लेम्पी भेटायला गेली की त्याचा कोट अंगावर आणखी सैल झालेला दिसायचा.

"आजी, सुरी तर आत आणता येणार नाही," नर्स म्हणाली. "पण कमरेला काहीतरी लटकलेलं असलं तर बसतील का हो ते?"

लेम्पी बसमधून घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. नुसतं काहीतरी लटकवून विल्यामी फसणारा नव्हता. म्यानच हवं होतं, त्याच्या मापाचं, हाताने शिवलेलं. आणि ते शिवणारी गावात एकच उरली होती.

टायमीने दार उघडलं आणि लेम्पीला बघून तिच्या भुवया वर गेल्या.

"अगं बाई! रस्ता चुकलीस का?"

"आत घेणार आहेस की इथेच टोमणे मारणार आहेस?"

"दोन्ही करीन. ये."

कॉफी झाली. लेम्पीने सगळं सांगितलं. टायमीचं तोंड हळूहळू उतरलं. मग ती म्हणाली, "मी शिवून देते. उद्या घेऊन जा."

खरं तर लेम्पी तेवढ्यासाठीच आली होती. पण तोंडातून निघालं भलतंच. "नको. मला दाखव. मी शिवते."

"तू?" टायमी हसली. "तुला सुईत दोरा ओवायला धीर धरवत नाही."

"म्हणूनच म्हणते, आत्ता दाखव."

टायमीने कपाटातून एक लाकडी सुरी काढली. मूठ खऱ्यासारखी, बर्चच्या लाकडाची, पण पात्याच्या जागी लाकडाचीच जीभ. "ही शिकाऊ सुरी. नव्या पोरांना मास्तर खरं पातं देत नसे, हात कापून घेतात म्हणून. मी हिच्यावरच शिकले. इस्पितळात हिला कोण अडवणार?" आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. आधी पात्यासाठी आतला लाकडी गाभा कोरायचा. कातडं भिजवायचं, गाभ्याभोवती आणि मुठीभोवती गुंडाळायचं. कापताना जरा तोकडंच कापायचं, कारण ओलं चामडं ओढलं की वाढतं. आरीने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुया समोरासमोरून घालायच्या. शिवून झालं की हाडाच्या तुकड्याने दाबून दाबून मुठीखाली मान काढायची, तिथेच सुरी अडकते. "आणि वाळू द्यायचं. सावलीत. हळू. लेम्पी, ऐकतेयस ना? हळू."

"ऐकतेय गं! बहिरी नाही मी."

"आणि एक. मास्तर गप्प बसला तर समज झालं. छान म्हणेल म्हणून वाट बघत बसू नकोस, मी अजून बघतेय."

पहिलं म्यान लेम्पीने शुक्रवारी शिवलं, बोटं भोसकून घेत. शनिवारी सकाळी हात लावून बघितलं तर ओलंच. संध्याकाळी बघितलं, ओलं. रविवारी भेटायला जायचं होतं. शनिवार म्हणजे सौनाचा, तापलेल्या खोलीत वाफेची आंघोळ करायचा दिवस. लेम्पीची आंघोळ झाली, धगधगते दगड तसेच तापलेले, बसायची वरची फळी नुसती भाजत होती. एवढी ऊब फुकट कशाला घालवा? तिने म्यान सुरीसकट नेऊन वरच्या फळीवर ठेवलं आणि झाडू मारायला घेतला.

परत येऊन बघते तर काय! म्यान आक्रसून काळं पडलेलं, वाकडं झालेलं, शिंगासारखं टणक. सुरी आत अशी जखडलेली की ओढून ओढून लेम्पीच्या खांद्यात कळ आली. शेवटी रापीने चिरून सुरी सोडवावी लागली. तो रविवार ती रिकाम्या हातांनी गेली. विल्यामी व्हरांड्यात चालत होता, हात कमरेवर.

टायमीने ऐकलं आणि खुर्चीवर बसून पोट धरून हसली. "म्यानाला सौना दिलास! पाठ चोळलीस की नाही त्याची?" दुसऱ्या दिवशी दुकानात ती बातमी पोचली होती. ब्रेड घेताना दुकानदार म्हणाला, "लेम्पी, म्यानाला टॉवेल हवाय का?" एरवी लेम्पीने त्याला दोन शब्द सुनवले असते. आज तिने ब्रेड घेतला आणि उरलेले पैसे न घेताच बाहेर पडली. तेव्हा तो दुकानदार ओशाळला, आणि गावात तो विनोद पुन्हा कुणी केला नाही.

दुसरं म्यान तिने सावलीत वाळवलं. ते दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवलं, म्हणजे हात लावायचा मोह नको. तरी दोनदा जाऊन बघितलंच.

इस्पितळात तिने त्याच्या पट्ट्यात म्यान ओवलं. विल्यामी थांबला. हात खाली गेला आणि मुठीवर बसला. तो आला आणि टेबलापाशी बसला. बसला! नर्सने घाईघाईने ताट पुढे केलं. त्याने सुरी ओढली, टक् झालं, आणि हातात लाकडाची जीभ आली. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली आणि मान डोलवली.

"शिकाऊ सुरी. बरोबर आहे. नवीन पोरीला खरं पातं कसं देतील?" त्याने लेम्पीकडे बघितलं. "तू नवीन ना?"

लेम्पीने तोंड उघडलं. मी लेम्पी, म्हणणार होती. दर भेटीत म्हणायची, आणि दर भेटीत तो सभ्यपणे मान डोलवायचा आणि विसरायचा. या वेळी ती म्हणाली, "हो, मास्तर."

"भाकरी काप. मी जेवून घेतो, मग बघू तुझं काम."

तिने त्या लाकडी जिभेनेच दाबून दाबून भाकरी कापून दिली. त्याने अख्खी भाकरी खाल्ली, वर भाजलेलं चीज कॉफीत बुडवून खाल्लं. नर्स दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. जेवण झालं आणि विल्यामीने म्यान पट्ट्यातून काढलं, डोळे मिटले. अंगठा तोंडापासून निघाला. दुसऱ्याच टाक्यावर थांबला.

"इथे. उसव."

"मास्तर, आज राहू दे. पुढच्या वेळी नवीन..."

"हे उसवल्याशिवाय नवीन कसं येईल? उसव."

सुया तिच्या पिशवीत होत्या. नर्सने खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी पाठ फिरवली. लेम्पी उसवत गेली, शिवत गेली, आणि तो शेजारी बसून अंगठा फिरवत गेला. इथे. पुन्हा इथे. दोरा असा ओढतात का? गाडी बांधतेयस की काय? दुसरी सुई नेहमी त्याच बाजूने वर. नेहमी. डोकं कुठेय तुझं? घरात आयुष्यभर तो तिच्याशी असा बोलला नव्हता. रागावणं तिच्याकडे होतं. तो फक्त ऐकायचा. आता मात्र त्याने तिला सोडलं नाही. लेम्पीची बोटं सोलली, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी गळायला लागलं ते थांबेचना.

"रडा सगळ्या," विल्यामी म्हणाला. "लोहाराची पोर पण रडते. रडायला हरकत नाही, दोरा ओला करू नकोस."

लेम्पीने नाक पुसलं. "मास्तर, तुमच्या बायकोला नाही शिकवलं?"

"मागे लागली होती."

"मग?"

त्याचा अंगठा आणखी दोन टाक्यांवरून फिरला. लेम्पीला वाटलं, विसरला. मग तो म्हणाला, "इथे शिकायला आलं की मी कुणाला सोडत नाही. तसा स्वभाव आहे माझा, काय करणार? सगळ्यांना रडवतो. तिलाही रडवलं असतं. घरात एक तरी माणूस असं असावं ना, ज्याला मी रडवलं नाही."

लेम्पीच्या हातातली सुई तशीच राहिली. तुला जमायचं नाही, एवढंच तेव्हा त्याने सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर तिने जन्मभर उंबरा ओलांडला नव्हता. एक वाक्य जास्त बोलला असता मेला, तर काय बिघडलं असतं? तिला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिच्यासमोर बसलेला माणूस तिला ओळखतही नव्हता, आणि टाका तिरका जात होता.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "आणि हे सरावाचं. पुढच्या वेळी नवं चामडं घेऊन ये."

त्यानंतर तो जेवू लागला. नर्स सांगायची, म्यानावर हात ठेवून झोपतो.

तिसऱ्या म्यानाला लेम्पीने घाई केली नाही. हे ऐकून गावाला खरं वाटायचं नाही, पण टायमी साक्ष देईल. चामडं भिजत असताना लेम्पी नुसती त्याच्याकडे बघत बसली होती. शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. स्वयंपाकघराच्या टेबलावरच; कारखान्याचं दार अजून बंदच होतं. वाळल्यावर तिने सुरी आत घातली. टक्.

ते घेऊन ती गेली तेव्हा विल्यामी पलंगावर होता. छातीत कफ झाला होता. ताप होता, डोळे मिटलेले. नर्स म्हणाली, कालपासून बोलणं बंद आहे.

"मास्तर," लेम्पी म्हणाली. "नवीन आणलंय. बघता?"

तिने म्यान त्याच्या तळव्यात ठेवलं आणि बोटं त्याभोवती मिटवली. मग अंगठा हलला. तोंडापासून निघाला, सावकाश, मध्ये थांबत, श्वास घेत, पुन्हा निघाला. लेम्पी वाकून बघत होती. पहिला टाका गेला, दुसरा गेला, मुठीजवळचे सगळे गेले. खाली मानेपाशी, जिथे म्यान अरुंद होतं तिथे, अंगठा थांबला. तिथेच राहिला.

ती वाट बघत राहिली. तो काही बोलला नाही. दमला बिचारा, तिला वाटलं. तिने हात उचलून पांघरुणाखाली ठेवला, म्यान उशाशी ठेवलं आणि कपाळावर ओठ टेकले. परतीच्या बसमध्ये तिला टायमीचं बोलणं आठवलं. मास्तर गप्प बसला तर समज झालं. झालं असेल का? की नुसतं बोलवत नव्हतं म्हणून गप्प बसला? हे आता कोण सांगणार होतं?

तिच्या पुढच्या भेटीआधीच विल्यामी गेला.

दफन शनिवारी होतं. आदल्या दिवशी टायमी गोड पाव घेऊन आली. लेम्पी अंगणातल्या पायरीवर बसली होती, इस्पितळातून परत आलेली पिशवी मांडीवर घेऊन. तिने म्यान काढून दाखवलं.

"हे त्याच्याबरोबर ठेवणार आहे," ती म्हणाली. "त्याने बघितलं होतं. काही म्हणाला नाही. तू म्हणाली होतीस ना, गप्प बसला की झालं? पण त्याला बोलताच येत नव्हतं गं. मला काही कळतच नाही, टायमी. खरं सांग मला. गोड बोलू नकोस."

"मी कधी बोलले?" टायमी म्हणाली. तिने म्यान हातात घेतलं, डोळे मिटले, अगदी त्याच्यासारखे, आणि अंगठा खाली नेला. मानेपाशी अंगठा थांबला.

"इथे," ती म्हणाली. "एक टाका. सुई उलट्या बाजूने गेलीय."

लेम्पीने तिचा हात धरला. "पुन्हा फिरव."

टायमीने पुन्हा फिरवला. अंगठा त्याच जागी थांबला.

"तिथेच," लेम्पी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तिथेच थांबला होता त्याचा पण! मला वाटलं, दमला. मी हात उचलून पांघरुणात घातला गं. तो मला सांगत होता, आणि मी त्याचा हात उचलून ठेवला!"

टायमी तिच्याजवळ पायरीवर बसली. दोघी रडल्या, आणि टायमीने पुन्हा लहानपणीसारखं नाक ओढलं.

"उसव म्हणत होता तो," टायमी शेवटी म्हणाली.

"कळतंय मला."

लेम्पी उठली. अंगण ओलांडून गेली, कारखान्याचं दार उघडलं आणि आत गेली. खोलीत मेणाचा आणि जुन्या चामड्याचा वास तसाच होता. ती त्याच्या स्टुलावर बसली, खिडकीकडे वळली, आरी शोधली, आणि शेवटाकडून दोरा सोडवायला घेतला.

बराच वेळ गेला. टायमीने स्वयंपाकघरात कॉफी केली आणि किटली घेऊन आली. आत जावं की नाही, तिला कळेना. तिने किटली उंबऱ्यावर ठेवली आणि हाक मारली, "ठेवलीय!"

लेम्पीने मान वर केली नाही. सुई त्याच बाजूने वर काढत ती म्हणाली, "ठेव तिथे."